बुद्धिबळ स्पर्धांच्या जुन्या नोंदी तपासणे आणि दुरुस्त करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळे डाव आणि निकाल डेटाबेसमध्ये आहेतच. मग हा उद्योग कशासाठी?

आहेत, पण तिथे ते कुणीतरी पुस्तकातून उतरवलेत, पुस्तकात मासिकातून आलेत आणि मासिकात तारेने नाहीतर पत्राने पोचलेत. प्रत्येक टप्प्यावर आकडा हलू शकतो. चुकीचा आकडा एकदा मोठ्या संग्रहात शिरला की इतर संकेतस्थळं तो जसाच्या तसा उचलतात, आणि मग "सगळीकडे हेच दिलंय" हाच त्याचा पुरावा होऊन बसतो. जुन्या खेळाडूंची मागाहून काढलेली रेटिंग (ताकद सांगणारे आकडे) याच गुणतक्त्यांवर, म्हणजे कुणी कुणाविरुद्ध किती गुण मिळवले त्या चौकोनी कोष्टकांवर, उभी असतात, त्यामुळे एका स्पर्धेतला घोळ एकाच स्पर्धेपुरता राहत नाही.

जगज्जेत्या अलेखिनची कबर पॅरिसच्या माँपार्नास दफनभूमीत आहे. त्यावरचा दगड खुद्द जागतिक संघटनेच्या, फिडेच्या पुढाकाराने बसला. त्यावर जन्मतारीख १ नोव्हेंबर १८९२ आणि मृत्यू २५ मार्च १९४६ अशी कोरली आहे. दोन्ही तारखा एकेका दिवसाने चुकल्यात: ३१ ऑक्टोबर आणि २४ मार्च हव्यात. दगडावर कोरलेलं चुकतं तिथे टंकलेल्या ओळीचं काय घेऊन बसलात!

मी साधा क्लब खेळाडू आहे. मला हे जमेल?

जमेल. इथे खेळाच्या ताकदीपेक्षा चिकाटी आणि बेरीज-वजाबाकी जास्त कामाला येते. जर्मन किंवा रशियन अक्षरओळख असेल तर दुधात साखर.

तक्ता चुकलाय हे कळतं कसं?

सुरुवात नेहमी बेरजेपासून करा. साखळी स्पर्धेत, म्हणजे जिथे प्रत्येकजण इतर सगळ्यांशी खेळतो तिथे, प्रत्येक डावाचा एक गुण कुठेतरी जातोच: जिंकणाऱ्याला पूर्ण, नाहीतर दोघांना अर्धा-अर्धा. त्यामुळे खेळाडू किती आणि प्रत्येकाशी किती डाव, एवढं माहीत असलं की एकूण गुण ठरलेले असतात. हेस्टिंग्ज १८९५ मध्ये २२ खेळाडू होते, म्हणजे २३१ डाव आणि २३१ गुण. गणपती मंडळाच्या वर्गणीचा हिशेब जसा उभा-आडवा जुळवतात, तसाच तक्ता दोन्ही बाजूंनी जुळवायचा. रांगेतल्या चौकोनांची बेरीज शेवटच्या रकान्याशी जुळली पाहिजे, आणि 'क'च्या रांगेत 'ख'विरुद्ध १ असेल तर 'ख'च्या रांगेत 'क'विरुद्ध ० असलाच पाहिजे. हे दुसरं तपासायला लोक विसरतात, आणि निम्म्या चुका तिथेच सापडतात.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. सेंट पीटर्सबर्ग १९१४. प्राथमिक फेरीत अकरा जण, म्हणजे ५५ गुण. कॅपाब्लांका ८, लास्कर आणि टार्राश साडेसहा-साडेसहा, अलेखिन आणि मार्शल सहा-सहा. हे पाच जण अंतिम फेरीत गेले. त्यांचे झाले ३३. उरलेले सहा: बर्नस्टाइन ५, रुबिनस्टाइन ५, निमझोविच ४, ब्लॅकबर्न आणि यानोवस्की साडेतीन-साडेतीन, गुन्सबर्ग १. हे २२. एकूण ५५, जुळलं. अंतिम फेरीत पाच जण एकमेकांशी दोनदा खेळले, म्हणजे २० गुण: लास्कर ७, कॅपाब्लांका ५, अलेखिन ४, टार्राश २, मार्शल २. हेही जुळलं. आता खरी मेख अशी की प्राथमिक फेरीचे गुण पुढे नेले होते. म्हणून शेवटचा क्रम लास्कर साडेतेरा, कॅपाब्लांका तेरा असा लागतो. नुसती अंतिम फेरी बघणाऱ्याला वाटतं, लास्करने दोन गुणांनी स्पर्धा मारली. प्रत्यक्षात तो दीड गुणाने मागे होता आणि अर्ध्या गुणाने पुढे गेला. दोन्ही आकडे खरे असूनही अर्धवट नोंद वाचकाला कशी फसवते, ते इथे दिसतं.

बेरीज जुळली नाही म्हणजे नोंद चुकीचीच, बरोबर?

इथेच नवशिके सर्वाधिक नुकसान करतात. बेरीज जुळत नाही म्हटल्यावर उत्साहाने आकडे 'जुळवून' टाकतात. आधी त्या स्पर्धेचे नियम शोधा, मग हात लावा.

बरोबरीला अर्धा गुण हा आज आपल्याला निसर्गनियम वाटतो, पण तो मागाहून रुळला. लंडन १८६२ ही पहिली मोठी आंतरराष्ट्रीय साखळी स्पर्धा. तिथे बरोबरी धरतच नसत. निकाल लागेपर्यंत डाव पुन्हा खेळायचा. पॅरिस १८६७ मध्ये बरोबरी झाली की दोघांनाही शून्य. म्हणजे तिथल्या तक्त्याची बेरीज डावांच्या संख्येपेक्षा कमी येणारच, आणि ती तशीच बरोबर आहे. त्याच वर्षी डंडीच्या स्पर्धेत अर्धा-अर्धा गुण दिला गेला. लंडन १८८३ मध्ये चौदा जण दुहेरी साखळीत खेळले. तिथे पहिल्या दोन बरोबऱ्या रद्द करून डाव पुन्हा मांडायचा आणि तिसरी मात्र अर्ध्या गुणाची धरायची, असा नियम होता. झुकरटॉर्टने २६ पैकी २२ गुण मिळवले, पण त्या स्पर्धेत प्रत्यक्ष पटावर झालेले डाव तक्त्यातल्या डावांपेक्षा जास्त आहेत. एखाद्या जोडीचे चार डाव दिसले म्हणून दोन 'डुप्लिकेट' समजून उडवू नका.

व्हिएन्ना १८७३ तर आणखी निराळी. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी तीन डावांचा छोटा सामना, आणि गुण डावाला नाही तर सामन्याला. स्टाइनिट्झ आणि ब्लॅकबर्न दोघांचे दहा-दहा गुण झाले, मग निर्णायक सामना स्टाइनिट्झने जिंकला. त्या दहाचा आणि जिंकलेल्या डावांच्या संख्येचा मेळ घालत बसलात तर डोकं फिरेल.

लंडन १८५१ ही साखळी स्पर्धा नव्हतीच. सोळा खेळाडूंची बाद पद्धत होती. तिचा चौकोनी गुणतक्ता कुठे दिसला तर तो नंतर कुणीतरी हौसेने बनवलाय असं समजा.

स्पर्धा अर्धवट सोडून गेलेल्या खेळाडूच्या डावांचं काय करायचं?

डाव ठेवायचे, गुण नियमाप्रमाणे. सूस (ट्युनिशिया) इथली १९६७ ची इंटरझोनल, म्हणजे जगज्जेतेपदाच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा, घ्या. फिशर १० डावांत साडेआठ गुण घेऊन आघाडीवर होता आणि आयोजकांशी वाद घालून निघून गेला. निम्मे डाव पूर्ण झाले नव्हते म्हणून त्याचे सगळे निकाल अंतिम क्रमवारीतून वगळले. स्पर्धा लार्सनने जिंकली. त्यामुळे फिशरचे डाव डेटाबेसमध्ये असतात, गुण तक्त्यात नसतात, आणि दर काही दिवसांनी कुणीतरी ही 'चूक' सापडल्याचं आनंदाने कळवतं. प्रत्यक्ष खेळलेला डाव, गैरहजेरीचा गुण आणि रद्द झालेला निकाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीत त्या वेगळ्याच दिसल्या पाहिजेत. डाव न खेळता मिळालेल्या गुणाला नुसतं '१' लिहिलं की पुढच्या माणसाला तो विजय वाटतो आणि तो त्या डावाच्या चाली शोधत बसतो.

डाव छापलेला आहे म्हणजे तो तसाच खेळला गेला ना?

छे. याबाबतीत सगळ्यात नावाजलेले डावच सगळ्यात संशयास्पद निघतात.

आंडरसन आणि किझेरित्स्कीचा 'अमर डाव' २१ जून १८५१ ला लंडनमध्ये झाला, आणि अनेक याद्यांत तो लंडन १८५१ स्पर्धेतला म्हणून घातलेला असतो. तो स्पर्धेबाहेरचा, मैत्रीतला डाव होता. गोंधळाचं कारणही सापडतं: याच दोघांची पहिल्या फेरीत खरोखरच गाठ पडली होती आणि किझेरित्स्की बाद झाला होता. ते डाव वेगळे, हा वेगळा.

हेस्टिंग्ज १८९५ मधला स्टाइनिट्झ वि. बार्डेलेबेन. २५ व्या चालीला पांढऱ्याने हत्तीने एच७ चं प्यादं मारून शह दिला. बार्डेलेबेन काही न बोलता उठून बाहेर गेला आणि परत आलाच नाही. घड्याळ संपलं, डाव गेला. पुढची मातेपर्यंतची सुंदर मालिका स्टाइनिट्झने जमलेल्या लोकांना दाखवली. काही संग्रहांत ती मालिका खेळल्यासारखी डावात चिकटवलेली असते. दुरुस्ती सोपी आहे: पंचविसाव्या चालीला डाव थांबवा, पुढचं टिपेत लिहा, आणि निकालाचं कारण 'वेळ संपली' असं द्या.

अलेखिनचा पाच वजिरांचा डाव, मॉस्को १९१५. मूळ डावात अलेखिनकडे काळी मोहरी होती आणि समोर ग्रिगोरिएव्ह होता. पाच वजीर पटावर येतात ती विश्लेषणातली एक शक्यता होती. पुढे तीच स्वतंत्र 'डाव' म्हणून छापून आली, आणि त्यात अलेखिन पांढऱ्याकडून! ॲडम्स वि. टोरे, न्यू ऑर्लिन्स १९२०, हाही खरंच खेळला गेला की टोरेने आपला गुरू ॲडम्स याच्या नावावर रचला, याबद्दल अभ्यासकांत जुना वाद आहे. असे डाव काढून टाकू नका, शेजारी शंका नोंदवा.

डिजिटल पटांच्या काळात नवी गंमत सुरू झाली आहे. डाव संपला की निकाल कळवायला राजे मधल्या घरांत ठेवतात, आणि यंत्र कधीकधी तीच शेवटची चाल म्हणून टिपतं. हरलेल्या डावाच्या शेवटी राजा अचानक ई४ वर उगवला तर समजून जा.

इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणकीय प्रोग्राम) म्हणतं ही चाल इतकी वाईट आहे की टंकलेखनाची चूकच असणार. बदलू का?

नको. १८९२ च्या हवानातल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात, तेविसाव्या डावात, जिंकत असलेल्या चिगोरिनने डी६ वरचा उंट हलवला आणि दोन चालींत मात ओढवून घेतली. इंजिनचा सल्ला ऐकून कुणी ही चाल 'सुधारली' तर सामन्याचा शेवटच पुसला जाईल. माणसं चुकतात. इंजिनचा उपयोग एवढाच: चाल नियमात बसते का, आणि दिलेली स्थिती त्या चालींनी येते का. त्यापुढे त्याला विचारू नका. चॅटबॉटला तर नकोच; तो विचारलेल्या वर्षाचा गुणतक्ता हसत हसत रचून देतो.

तारखांचा एवढा घोळ का असतो?

तीन कारणं वारंवार भेटतात.

पहिलं, रशियन पंचांग. फेब्रुवारी १९१८ पर्यंत रशिया जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर होता. एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत १२ दिवस मिळवायचे, विसाव्यातल्या तारखेत १३. अलेखिनची जुनी जन्मतारीख १९ ऑक्टोबर १८९२. बारा मिळवले की ३१ ऑक्टोबर येते, तेरा मिळवले की १ नोव्हेंबर. कबरीवरचा आकडा कुठून आला असावा याचा अंदाज यावरून बांधता येतो. रशियन वर्तमानपत्रातून तारीख घेतलीत तर दोन्ही तारखा लिहा आणि कुठली कुठली ते सांगा.

दुसरं, तहकूब डाव. चाल सीलबंद करून डाव दोन-चार दिवसांनी पूर्ण व्हायचा, आणि वर्तमानपत्र तो संपला त्या दिवशी छापायचं. नोंदीत डाव सुरू झाल्याची तारीख लिहायची पद्धत आहे, तीच ठेवा.

तिसरं, दोन वर्षांत पसरलेल्या स्पर्धा. हेस्टिंग्जची नाताळातली स्पर्धा १९३० मध्ये सुरू होऊन १९३१ मध्ये संपते. सुलतान खानने कॅपाब्लांकाला हरवलं ते याच स्पर्धेत. याद्यांत ती कुठे '१९३०', कुठे '१९३१' अशी दिसते आणि एका स्पर्धेच्या दोन होतात. '१९३०/३१' लिहा, प्रश्न मिटला.

आणि तारीख माहीतच नसेल तर पीजीएन फाइलमध्ये (संगणकावर डाव साठवायचा नेहमीचा प्रकार) तिथे प्रश्नचिन्हं टाकायची सोय आहे. १ जानेवारी लिहून जागा भरणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

खेळाडूंची नावं कशी जुळवायची?

भारतीय नोंदींत हे सर्वांत किचकट काम आहे. लग्नानंतर आडनाव बदलतं: भाग्यश्री साठे आणि भाग्यश्री ठिपसे, जयश्री खाडिलकर आणि जयश्री खाडिलकर-पांडे या दोन-दोन व्यक्ती नव्हेत. उलट वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी खाडिलकर बहिणी एकाच काळात, बऱ्याचदा एकाच स्पर्धेत खेळत होत्या, त्यामुळे तक्त्यात नुसतं 'खाडिलकर' असेल तर आद्याक्षर मिळेपर्यंत नोंद अपुरी समजा. दक्षिणेकडे आद्याक्षर गावाचं असू शकतं, वडिलांचं असू शकतं. ते आडनाव मानून नाव उलटंपालटं केलेलं सर्रास दिसतं.

इंग्रजांनी ऐकून लिहिलेली नावं हा स्वतंत्र विषय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात जॉन कॉक्रेनशी शेकडो डाव खेळलेले महेशचंद्र बॅनर्जी इंग्रजी कागदपत्रांत इतक्या तऱ्हांनी लिहिले गेलेत की शोधखिडकीत एकच रूप टाकून काही हाती लागत नाही. आज ज्याला ग्रुनफेल्ड बचाव (काळ्याच्या सुरुवातीच्या चालींची एक पद्धत) म्हणतात त्याचा १८५५ मधला एक नमुना त्यांच्या नावावर आहे. सापडलेलं प्रत्येक रूप जपून ठेवा, एक मुख्य ठरवा, बाकीची त्याला जोडा.

भारतातल्या, विशेषतः महाराष्ट्रातल्या जुन्या स्पर्धांचं काय?

काम भरपूर, कागद कमी. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रात एलुरूला झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. ज्या यादीत वर्षाला एकच रकाना असतो तिथे यातलं एक नाव गळतं. सुरुवातीला ही स्पर्धा दर दोन वर्षांनी व्हायची, म्हणून कुणाच्या परिचयात '१९५६ चा राष्ट्रीय विजेता' दिसलं तर भुवया उंचावा. बहुधा ती राज्याची किंवा निमंत्रितांची स्पर्धा असते. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये बंगळुरूला झाली, ती वासंती खाडिलकरांनी जिंकली.

१९५५ च्या आधी 'अखिल भारतीय' हा शब्द जपून वाचा. सुलतान खानने १९२८ मध्ये जिंकलेली अखिल भारतीय स्पर्धा आणि आजची राष्ट्रीय स्पर्धा यांची मालिका एक नाही. शिवाय त्या काळात देशी पद्धतीने खेळणारे खूप होते: प्याद्याची पहिली चाल दोन घरं नाही, राजाला एकदा घोड्यासारखी उडी, प्यादं ज्या पट्टीत पोचेल त्या पट्टीचं मोहरं. नियम प्रांतागणिक बदलायचे. अशा डावाच्या चाली आजच्या सॉफ्टवेअरला 'बेकायदा' वाटतात. ती नोंदीची चूक नाही.

छापील गोष्टींसाठी जुन्या मराठी दैनिकांचे अंक, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी यांपासून सुरुवात करा. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी वाढवलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांच्या स्मरणिका हाती लागल्या तर जाहिरातींची पानंसुद्धा सोडू नका. स्पर्धेचं ठिकाण आणि तारखा तिथेच नीट छापलेल्या असतात. जुन्या खेळाडूंच्या आठवणी जरूर टिपून घ्या, पण त्यांचा उपयोग कागद कुठे शोधायचा हे कळायला. गुण आठवणीतून घेऊ नका. प्रत्येकाला आपला अर्धा गुण जास्तच आठवतो.

परदेशी स्रोत घरबसल्या मिळतात का?

बरेच. नेदरलँड्सची वर्तमानपत्रं 'डेल्फर'वर, ऑस्ट्रियाची 'ॲनो'वर, ऑस्ट्रेलियाची 'ट्रोव्ह'वर फुकट वाचता येतात. ब्रिटिश स्पर्धांसाठी 'ब्रिटबेस', ऑलिम्पियाडसाठी 'ऑलिम्पबेस' ही मेहनतीने केलेली संकेतस्थळं आहेत. क्लीव्हलँड सार्वजनिक ग्रंथालयातला जॉन जी. व्हाइट संग्रह आणि हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला संग्रह हे या विषयातले दोन मोठे खजिने. नेमकं पान सांगून सभ्य पत्र लिहिलं तर ग्रंथपाल बहुतेकदा मदत करतात. १९३० पर्यंतच्या तक्त्यांसाठी जेरेमी गेज या अमेरिकी संशोधकाने आयुष्य घातलं. त्याचे आकडे चुकीचे ठरवण्याआधी दोनदा विचार करा.

दोन स्रोत वेगवेगळं सांगतात. कुणाचं खरं मानायचं?

घटनेच्या जवळचं. खेळाडूने लिहिलेला डावाचा कागद, मग स्पर्धेचं रोजचं बुलेटिन, मग स्थानिक वर्तमानपत्र, मग मासिक आणि स्पर्धेचं पुस्तक, आणि सगळ्यात शेवटी निवडक डावांचे संग्रह. पण ही उतरंड आंधळेपणाने वापरू नका: वेळेच्या टंचाईत खरडलेल्या कागदावर चाली सुटतात, आणि नंतरच्या पुस्तकात संपादकाने त्या खेळाडूला विचारून भरलेल्या असू शकतात. एकाच बातमीसंस्थेची तार छापणारी चार वर्तमानपत्रं म्हणजे चार साक्षीदार नव्हेत, एकच. निर्णय होत नसेल तर दोन्ही नोंदी ठेवा.

जुनी नोंदपद्धत वाचताना कुठे फसतो?

जुन्या वर्णनात्मक पद्धतीत (घरं मोहऱ्यांच्या नावावरून सांगतात ती) काळ्याच्या ओळी काळ्याच्या बाजूने मोजतात, आणि 'घोडा वजीर-२' म्हटलं की दोनपैकी कुठला घोडा हे लिहिणाऱ्यालाच माहीत असतं. दोन्ही खेळून पाहा, पुढे कुठला मार्ग अडतो ते बघा. जर्मन 'एस' म्हणजे घोडा, पण रशियनमध्ये 'स' उच्चाराचं अक्षर म्हणजे उंट. पटावर मांडूनच उतरवा, डोळ्यांनी नको.

चूक सापडली. कळवायची कशी?

एका पत्रात एकच दुरुस्ती. सध्याची नोंद काय, हवी काय, पुरावा कुठला (नाव, तारीख, पान), आणि त्या पानाचा स्वच्छ फोटो, ज्यात वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसते. आपली खात्री किती तेही लिहा: 'नक्की', 'बहुधा', 'शंका'. "तुमच्या साइटवर खूप चुका आहेत" अशा पत्राला उत्तर येत नाही, आणि येऊही नये. ही संकेतस्थळं बहुतेकदा एक-दोन माणसं नोकरी सांभाळून चालवतात, तेव्हा महिनाभर थांबा, मग एकदा आठवण करा. स्वतःच्या वहीत मूळ चुकीची नोंदही राहू द्या; उद्या तीच दुसरीकडे दिसली की ती कुठून आली हे लगेच कळतं.

जुने डाव पुन्हा प्रकाशित करायला परवानगी लागते का?

चाली आणि निकाल ही घडलेली घटना आहे. त्यावर मालकी नसते, असंच सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्यांवर कुणी लिहिलेलं भाष्य मात्र लेखकाचं असतं, आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्यावर हक्क राहतो. चाली घ्या, टिपा स्वतःच्या लिहा. हयात खेळाडूंची जन्मतारीख, पत्ता, फोन असलं काही जुन्या प्रवेशअर्जांत सापडलं तर ते नोंदीत चढवू नका.